अखेरच्या घटकेचे दत्तविधान

आमच्या यादोगोपाळ पेठेतल्या घरात माजघराच्या फडताळावर एक लोखंडी ट्रंक आहे, आणि त्या ट्रंकेत तांबड्या रुमालात बांधून ठेवलेले माझ्या आजेसासऱ्यांचे दत्तकपत्र आहे. कागद घड्यांवर विरला आहे, शाई तपकिरी झाली आहे, आणि मोडीतला मजकूर लेखणी न उचलता ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आहे. मी पन्नाशीनंतर मोडी शिकले ती मुख्यतः हा कागद आपला आपल्याला वाचता यावा म्हणून. त्यात मुलगा देणाऱ्या वडिलांचे नाव आहे, घेणाऱ्याचे नाव आहे, पाच साक्षीदारांची नावे व निशाण्या आहेत, शेतजमिनीच्या चतुःसीमा आहेत, आणि ‘औरस पुत्राप्रमाणे’ हे शब्द तीन वेळा आले आहेत. ज्या बाईने आपला नऊ वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या मांडीवर दिला, तिचे नाव मात्र त्यात कोठेही नाही, आणि घरात आता ते कोणाला ठाऊकही नाही.

जपानच्या सामुराई सरदारांविषयी मी गेली काही वर्षे जे वाचत आले, ते हा कागद शेजारी ठेवून वाचत आले. सामुराई म्हटले की आपल्याकडे तलवार, पोट चिरून घेणे आणि स्वामिनिष्ठा एवढेच डोळ्यांसमोर येते. ते खोटे नाही. पण या सरदारांची घराणी अडीचशे-तीनशे वर्षे टिकली, त्यांत तलवारीचा वाटा मला फार थोडा दिसतो. ती टिकली दत्तकांवर, सोयरिकींवर आणि ओलीस राहिलेल्या बायकामुलांवर. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही, कारण या गावाची गादीच ओलीस राहिलेल्या राजपुत्राची आणि दत्तकांची आहे.

माझी मुलगी नोकरीनिमित्त सेंदाईला होती, त्या काळात आम्ही दोघे महिनाभर तिच्याकडे राहिलो आणि एक दिवस डोंगर ओलांडून योनेझावाला गेलो. तेथे उएसुगी घराण्याच्या सरदारांची समाधिस्थाने आहेत. उंच, सरळसोट सुगी वृक्षांची दाट राई, खाली ओलसर काळी माती, आणि त्या राईत एका ओळीत उभी असलेली लाकडी देवळांसारखी छोटी बांधकामे: मधोमध मूळपुरुष उएसुगी केन्शिन, आणि त्याच्या डाव्या-उजव्या हातांना आळीपाळीने पुढचे सरदार. आपल्या माहुलीच्या संगमावरच्या समाध्या आणि छत्र्या पाहिलेल्या डोळ्यांना ती शिस्तशीर रांग फार गंभीर वाटते. पाहणाऱ्याला वाटावे की येथे बापामागून मुलगा, मुलामागून नातू असे अखंड रक्त झोपले आहे. मी मुलीच्या मदतीने एकेका फलकावरचे नाव वाचत रांगेच्या शेवटापर्यंत गेले आणि बोटांवर मोजत परत आले. ती रांग ठिकठिकाणी तुटलेली होती आणि प्रत्येक ठिकाणी दत्तकाने सांधलेली होती.

सुरुवात केन्शिनपासूनच होते. तो जन्माने उएसुगी नव्हता. तो एचिगो प्रांतातल्या नागाओ घराण्यातला. पराभूत होऊन त्याच्या आश्रयाला आलेल्या उएसुगी नोरिमासाने त्याला दत्तक घेतले आणि १५६१ मध्ये त्याला उएसुगी हे नाव मिळाले. केन्शिनला स्वतःला मूलबाळ झाले नाही. त्याने बहिणीचा मुलगा कागेकात्सु याला दत्तक घेतले, आणि होजो या एकेकाळच्या शत्रुघराण्यातून ओलीस म्हणून आलेल्या एका तरुणालाही दत्तक घेऊन कागेतोरा हे स्वतःचे जुने नाव दिले, शिवाय कागेकात्सुची बहीण त्याला दिली. ओलिसाचा पुत्र झाला, शत्रूचा मुलगा भाचेजावई झाला. पण कोणाला गादी द्यायची हे स्पष्ट न सांगता केन्शिन १५७८ मध्ये अचानक वारला आणि दोन दत्तकांत युद्ध पेटले. वर्षभराने कागेतोरा संपला. त्याच्याबरोबर त्याची बायको, म्हणजे जिंकलेल्या कागेकात्सुची सख्खी बहीणही गेली आणि तिचा लहान मुलगाही मारला गेला. योनेझावाच्या राईत कागेकात्सु केन्शिनशेजारी मानाने उभा आहे. त्या बहिणीची जागा त्या रांगेत नाही.

आपल्याकडच्या वाचकासाठी दोन गोष्टी येथे सांगायला हव्यात. तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे देशाचा कारभार हाती असलेल्या लष्करी सत्ताधीशांच्या, काळात ज्याचा मुलूख वर्षाला किमान १०,००० कोकु तांदळाच्या उत्पन्नाचा असेल, तो दाइम्यो, म्हणजे मोठा सरदार. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. असे सुमारे २६० ते २७० दाइम्यो देशात होते. दुसरी गोष्ट ‘इए’ या शब्दाची. त्याचा अर्थ घर, आणि त्यात वाडा, नाव, कुलचिन्ह, पूर्वज, नोकरचाकर, मुलूख असे सारे येते. रक्त त्यात येते, पण सर्वांत वर नाही. म्हणून तेथे जावयालाच दत्तक घेऊन त्याला सासऱ्याचे नाव व गादी देण्याची रीत सर्रास होती. आपल्या धर्मशास्त्राच्या चौकटीत हे बसवताच येत नाही, कारण दत्तविधान झाले की तो मुलीचा भाऊ ठरेल. धाकट्या भावाला मुलगा म्हणून दत्तक घेणेही तेथे चालत असे. आमच्या दत्तकपत्रातले गोत्र, शाखा, सूत्र पाहिले की वाटते, आपल्याकडे दत्तक आधी पिंडपाण्यासाठी होता आणि मग वतनासाठी. तेथे तो आधी घरासाठी होता.

पण दत्तक घेण्याला एक मोठी अट होती. तो सरदार धडधाकट असताना, आधीच शोगुनाच्या दरबारी कळवून, मंजुरी घेऊन झालेला असला पाहिजे. मरणशय्येवर घाईघाईने घेतलेला दत्तक शोगुनांच्या पहिल्या पन्नास वर्षांत मान्य होत नसे. निपुत्रिक सरदार मेला की घराणे बुडाले, मुलूख खालसा. सेकिगाहाराच्या लढाईत ऐन वेळी बाजू बदलून तोकुगावांना विजय मिळवून देणारा कोबायाकावा हिदेआकी १६०२ मध्ये वारसाविना वारला, आणि त्या उपकाराची आठवणही त्याच्या घराण्याला वाचवू शकली नाही. गामो घराण्याचेही तसेच: आइझूचा तरुण सरदार १६२७ मध्ये निपुत्रिक गेला, भावाला दूरचा छोटा मुलूख देऊन घराणे कसेबसे ठेवले, आणि तो भाऊही १६३४ मध्ये तसाच गेला तेव्हा ते संपले.

एक सरदार बुडाला की त्याच्या पदरचे शेकडो, कधी हजारो सामुराई एका दिवसात उघड्यावर येत. घर गेले, तैनात गेली, किल्ल्याखालचा वाडा रिकामा करून द्यायचा, आणि बायकामुले घेऊन वाटेला लागायचे. अशा धनी नसलेल्या सामुराईंना रोनिन म्हणत. १६५१ मध्ये तिसरा शोगुन इएमित्सु वारला आणि त्याचा लहानगा मुलगा इएत्सुना गादीवर आला, तेव्हा एदोत, म्हणजे शोगुनांच्या राजधानीत, आजच्या टोकियोत, युद्धशास्त्र शिकवणाऱ्या युई शोसेत्सु नावाच्या माणसाने या रोनिनांना जमवून शोगुनशाही उलथण्याचा कट केला. कट फुटला, शोसेत्सुने स्वतःला संपवले, बाकीच्यांना मारले गेले. मला खरी थोर वाटते ती पुढची गोष्ट. बंडखोरांना शिक्षा झाल्यावर दरबारातल्या कारभाऱ्यांनी विचारले की एवढी माणसे बेवारशी झाली कशी, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पन्नाशीच्या आतल्या सरदाराला अखेरच्या घटकेलाही दत्तक घेता येईल असा नियम केला. शोगुनाचा अधिकारी आजाऱ्याच्या उशाशी येऊन दत्तक त्याच्याच इच्छेने होत आहे ना, हे पाहून जाई. पुढे पुढे तर सरदार आधीच वारलेला असे, मरण झाकून ठेवलेले असे, कागद तयार होत, अधिकारी येऊन पडद्याआडच्या माणसाला पाहिल्याचे मान्य करी, आणि मग मृत्यू जाहीर होई. सगळ्यांना ठाऊक असलेली ही लबाडी सगळ्यांनी जपली, कारण तिच्यावर हजारो चुली अवलंबून होत्या.

ज्या कारभाऱ्याला या उदार धोरणाचे श्रेय दिले जाते, तो होशिना मासायुकी स्वतः दत्तक होता. तो दुसऱ्या शोगुनाचा मुलगा, पण लग्नाच्या बायकोचा नव्हे. तिच्या धाकाने त्याचा जन्म लपवून ठेवला गेला आणि ताकातोच्या होशिना घराण्यात तो दत्तक म्हणून वाढला. याच मासायुकीने १६६४ मध्ये उएसुगी घराणे वाचवले. त्या वर्षी योनेझावाचा सरदार त्सुनाकात्सु, वयाची तिशीही गाठली नसताना, अचानक वारला. नवा नियम होता, पण दत्तकाचा अर्जच गेलेला नव्हता. मासायुकी हा त्याचा सासरा. त्याने मध्यस्थी केली आणि त्सुनाकात्सुच्या बहिणीचे तान्हे मूल मागाहून दत्तक म्हणून मंजूर करून घेतले. किंमत मोठी होती: ३,००,००० कोकुंचा मुलूख निम्मा होऊन १,५०,००० कोकुंवर आला. पण घर राहिले, आणि त्या घराने आपली माणसे काढली नाहीत. केन्शिनच्या काळापासूनचे नोकर निम्म्या उत्पन्नावर तसेच पोसत राहिले, आणि त्या निर्णयाची गरिबी पुढची शंभर वर्षे सर्वांनी मिळून सोसली.

हे वाचताना मला आमच्या राजवाड्यासमोरचा चौक आठवत होता. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरणाच्या काही तास आधी त्यांनी भोसले कुळातला एक मुलगा विधिपूर्वक दत्तक घेतला होता. हुबेहूब तेच: निपुत्रिक सत्ताधीश, अखेरची घटका, उशाशी माणसे, घाईने झालेला विधी. सातारा संस्थान ज्या १८१९ च्या तहाने उभे राहिले, त्यात वारसांचा आणि उत्तराधिकाऱ्यांचा उल्लेख होता, आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचे मतही दत्तक मान्य करावा असेच होते. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी ते मानले नाही, लंडनच्या संचालकांनी डलहौसींची बाजू घेतली, आणि दत्तक नामंजूर या सबबीवर खालसा झालेले पहिले मोठे संस्थान साताऱ्याचे ठरले. जपानच्या कारभाऱ्यांना जे १६५१ मध्ये कळले होते, ते कंपनी सरकारला १९७ वर्षांनंतरही कळले नव्हते, किंवा कळूनही नको होते. पदच्युत प्रतापसिंह महाराजांसाठी आणि नंतर दत्तकासाठी लंडनमध्ये चौदा वर्षे दाद मागून रिकाम्या हातांनी परतलेल्या रंगो बापूजींचा मुलगा सीताराम याला १८५७ मध्ये साताऱ्यातच देहदंड झाला. गेंडामाळावरून जाताना मला युई शोसेत्सु आठवतो. दोन्हीकडे मुलूख खालसा झाले आणि दोन्हीकडे माणसे उठली. एकीकडे त्यानंतर नियम बदलला.

उएसुगींच्या त्या तान्ह्या दत्तकाची कथा पुढे फार विलक्षण वळणाने गेली. त्याचे नाव त्सुनानोरी, आणि त्याचा जन्मदाता बाप म्हणजे किरा योशिनाका. सत्तेचाळीस रोनिनांची गोष्ट ज्यांनी ऐकली असेल त्यांना हे नाव लगेच ओळखू येईल. आकोच्या बुडालेल्या घराण्याच्या रोनिनांनी आपल्या धन्याचा सूड म्हणून ज्या म्हाताऱ्याला घरात शिरून मारले, तो हाच. आणि त्या रात्री त्या घरात किराचा वारस म्हणून जो तरुण होता, तो योशिचिका हा त्सुनानोरीचाच धाकटा मुलगा. किराने आपला मुलगा उएसुगींना दिला होता, म्हणून उएसुगींनी आपला मुलगा किराला दत्तक दिला होता. म्हणजे १७०३ च्या जानेवारीतल्या त्या पहाटे योनेझावाच्या सरदाराचा जन्मदाता बाप मारला गेला आणि पोटचा मुलगा जखमी झाला, आणि एदोतच असलेल्या त्या सरदाराने सैन्य काढले नाही. तो आता किरांचा मुलगा नव्हता, उएसुगींचा धनी होता, आणि राजधानीत हत्यार उचलले असते तर दत्तकाने वाचलेले घर एका दिवसात बुडाले असते. योशिचिकाला नीट लढला नाही म्हणून सुवाला नजरकैदेत ठेवले आणि तो तेथेच १७०६ मध्ये वारला. त्सुनानोरी त्याच्या आधीच, १७०४ मध्ये गेला होता. आमच्या दत्तकपत्रात ‘जन्मघराण्याशी यापुढे कोणताही संबंध राहणार नाही’ असे एक वाक्य आहे. मी ते वाचते तेव्हा मला त्या पहाटे एदोच्या वाड्यात बसून राहिलेला त्सुनानोरी दिसतो.

आणि याच रांगेत योझान आहे. योनेझावात त्याचे नाव आजही आपल्याकडे अहिल्याबाईंचे घ्यावे तसे घेतात. तो क्युशू बेटावरच्या ताकानाबे या २७,००० कोकुंच्या लहानशा संस्थानातला दुसरा मुलगा, जन्म १७५१ चा. त्याची आजी, म्हणजे आईची आई, त्सुनानोरीची मुलगी. पुरुषांच्या बाजूने तुटलेले रक्त बायकांच्या बाजूने फिरून आले ते असे. १७६० मध्ये त्याला उएसुगी घराण्यात दत्तक घेतले आणि १७६७ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो सरदार झाला, तेव्हा घराण्यावर सुमारे २,००,००० र्‍यो कर्ज होते (र्‍यो हे त्या काळचे सोन्याचे नाणे). त्याने आपल्या एदोच्या घरखर्चाची १,५०० र्‍योंची रक्कम २०९ वर आणली, वाड्यातल्या पन्नास दासींच्या नऊ केल्या, एक कालवण आणि एक तोंडीलावणे एवढ्यावर जेवण आणले, आणि रेशीम सोडून सुती कपडे घातले. जुन्या मानकऱ्यांना परक्या घरून आलेल्या पोराचा हा कारभार सहन झाला नाही. त्यांनी उघड विरोध केला आणि त्याने तो मोडून काढला.

त्याच्या लग्नाची हकिगत मी कोणाला सांगताना माझा आवाज स्थिर राहत नाही. दत्तक बापाची मुलगी योशिहिमे ही त्याची ठरलेली बायको. तिच्या मनाची आणि शरीराची वाढ लहानपणीच थांबलेली होती. सांगतात, की तो तिला कागदाचे पक्षी आणि बाहुल्या करून देई आणि तिच्याशी खेळत बसे. तिशीच्या आसपास, १७८२ मध्ये ती गेली. तिच्या मागे राहिलेल्या बाहुल्या पाहून तिच्या बापाला आपली मुलगी कशी होती आणि जावयाने तिला कसे सांभाळले हे उमगले आणि तो रडला, अशी आठवण योनेझावात सांगतात. सरदारांच्या बायकांनी एदोतच राहायचे या नियमाप्रमाणे तिचे सारे आयुष्य तेथल्या वाड्यात गेले. जो मुलूख सावरला म्हणून तिच्या नवऱ्याचे नाव झाले, तेथे तिला जाता येणारच नव्हते.

योझान १७८५ मध्ये, पस्तिशीच्या आतच, गादीवरून उतरला आणि त्याने ती दत्तक बापाच्या पोटच्या मुलाला, हारुहिरोला दिली, स्वतःचा मुलगा असताना दिली. देताना तीन कलमांचा एक लहानसा उपदेश लिहून दिला: राज्य पूर्वजांकडून येते आणि वंशजांकडे जाते, ते आपल्या मर्जीने वापरायचे नसते, प्रजा राज्याची असते, आपली खाजगी नसते, आणि धनी हा राज्यासाठी व प्रजेसाठी असतो, राज्य व प्रजा धन्यासाठी नसतात. जन्माने घरातला असता तर त्याला हे इतक्या स्वच्छपणे दिसले असते का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एवढे सगळे कागदावरच्या नावांचे झाले. आता ज्यांची नावे कागदावर आली नाहीत, किंवा आली ती केवळ अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणून, त्यांच्याकडे यावे लागते.

तोकुगावा इएयासु, ज्याने ही सारी व्यवस्था उभी केली, तो स्वतः ओलीस म्हणून वाढला. १५४३ चा जन्म. तो अजून रांगत-चालत होता तेव्हा आजोळने शत्रूशी हातमिळवणी केली म्हणून बापाने त्याच्या आईला माहेरी परत पाठवले. पाच-सहा वर्षांचा असताना त्याला इमागावा या बलाढ्य घराण्याकडे ओलीस म्हणून धाडले, तर वाटेतच तो त्यांचे शत्रू ओदा यांच्या हाती पडला. ओदांनी बापाला निरोप दिला की बाजू बदल, नाहीतर मुलगा मारू. बापाने बाजू बदलली नाही. मुलगा वाचला, पुढे दुसऱ्या कैद्याच्या मोबदल्यात इमागावांकडे गेला आणि १५६० पर्यंत सुन्पुला राहिला. आमचे शाहू महाराज सात वर्षांचे असताना रायगडावरून मोगलांच्या छावणीत गेले आणि पंचविशीत सुटले. दोघांनाही पकडणाऱ्यांनी वाईट वागवले नाही, दोघांचीही लग्ने बंदिवासातच झाली, आणि दोघांनीही पुढे दीर्घकाळ टिकणारी राज्यव्यवस्था उभी केली. शाहूंचा शत्रूविषयीचा सौम्यपणा आणि इएयासुचा दगडासारखा धीर, ही दोन्ही मला त्या बालपणाची फळे वाटतात.

इएयासुला शरण आणण्यासाठी १५८६ मध्ये हिदेयोशीने, त्या वेळच्या सर्वांत बलाढ्य सरदाराने, जे केले, ते मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. त्याने आपल्या चव्वेचाळीस वर्षांच्या बहिणीला, आसाहीला, नवऱ्यापासून सोडवून इएयासुशी लावून दिले. तरीही तो येईना, तेव्हा मुलीला भेटायला म्हणून आपली म्हातारी आई ओकाझाकीला ओलीस धाडली. इएयासु ओसाकाला गेला. इकडे त्याच्या एका सरदाराने म्हातारीच्या मुक्कामाभोवती सरपण रचून ठेवले होते, धन्याला काही दगाफटका झाला तर पेटवून द्यायचे म्हणून. शेतकऱ्याच्या घरातली ती बाई, मुलगा देशाचा धनी झाला म्हणून तिच्या वाट्याला हे आले.

काही बायकांनी यातही आपला निर्णय आपण केला. १६०० मध्ये ओसाकात ओलीस म्हणून नेण्यासाठी आलेल्या शत्रूच्या स्वाधीन होण्यास होसोकावा तादाओकीची बायको तामा, बाप्तिस्म्यानंतरची ग्रासिया, हिने नकार दिला. ख्रिस्ती असल्याने तिने आत्महत्या केली नाही, घरच्या कारभाऱ्याच्या हातून मरण घेतले, आणि वाडा पेटवला गेला. त्याच वर्षी माएदा घराण्याची विधवा मात्सु हिने उलटा मार्ग धरला. तिच्या मुलावर कटाचा आरोप आला होता; एवढे मोठे ते घराणे, पण लढले असते तर संपले असते. ती स्वतः ओलीस म्हणून एदोला गेली. आईची काळजी करू नको, घर सांभाळ, असे तिने मुलाला बजावल्याचे सांगतात. ती चौदा वर्षे तेथे राहिली, आणि १६१४ मध्ये मुलगा वारला तेव्हाच तिला कानाझावाला परतता आले.

साताऱ्याच्या माणसाला मात्सुची ओळख करून द्यावी लागत नाही. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगडाला वेढा पडला असता येसूबाईंनी राजाराम महाराजांना बाहेर काढून दिले, गादी आपल्या मुलाऐवजी दिराला दिली, आणि स्वतः सात वर्षांच्या शाहूंना घेऊन गडावर मागे राहिल्या. गड पडला. १७०७ मध्ये शाहू सुटले ते आईला आणि कबिल्याला मोगलांकडे ठेवून सुटले. तीच त्यांच्या वागणुकीची हमी होती.

इएयासुच्या वंशजांनी मात्सुसारख्या एकेका बाईचे प्रकरण मिटवून देशभरासाठी कायदा केला. १६३५ मध्ये इएमित्सुने ठरवले की तोकुगावांच्या जुन्या पदरच्या नसलेल्या दाइम्योंनी एक वर्ष आपल्या मुलुखात आणि एक वर्ष एदोत राहावे. १६४२ मध्ये तो नियम बाकीच्या दाइम्योंनाही लागू झाला. सरदार येत-जात, त्यांच्या हजारो माणसांच्या मिरवणुका रस्त्यांवरून जात, पण बायको आणि वारस मुलगा कायमचे एदोत. हाकोनेच्या चौकीवर दोन गोष्टींवर डोळा असे: आत येणारी बंदूक आणि बाहेर जाणारी बाई. बाईजवळ परवाना लागे, आणि तिचे वर्णन त्या परवान्याशी जुळते की नाही हे पाहायला चौकीवर एक बाईच नेमलेली असे. ती येणाऱ्या बाईचा अंबाडा सोडी आणि बोटांनी केस विंचरून तपासत जाई. वाटेवरच्या त्या खोलीत, अनोळखी हातांत केस मोकळे सोडून मान खाली घालून बसलेली बाई, ही माझ्यासाठी त्या अडीचशे वर्षांच्या शांततेची खरी खूण आहे.

१८६२ मध्ये बंधन सैल झाले. परकी गलबते किनाऱ्याला लागली होती, दाइम्योंनी पैसा किनाऱ्याच्या संरक्षणावर घालावा म्हणून बायकामुलांना घरी जाण्याची मोकळीक मिळाली, आणि एदोच्या वाड्यांतून पालख्या निघू लागल्या. पण ‘घरी’ कोठे? त्या एदोत जन्मल्या होत्या, त्यांच्या आयाही एदोतच जन्मल्या होत्या. नवऱ्याचा किल्ला, नवऱ्याच्या पूर्वजांची समाधिस्थाने, ज्या भाताच्या शेतांवर त्यांचे आयुष्य तोलले गेले ती शेते, त्यांनी नावानेच ऐकली होती.

येसूबाई १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीहून परत आल्या. जवळजवळ तीस वर्षे झाली होती. त्यांनी सोडली ती राजधानी रायगड होती. त्या परतल्या ती राजधानी सातारा होती, आणि सात वर्षांचा म्हणून ज्याला घेऊन त्या छावणीत गेल्या होत्या, तो अकरा वर्षे छत्रपती होता. माहुलीला त्यांची समाधी आहे. योनेझावाहून परतल्यावर पहिल्या रविवारी मी तेथे गेले. कृष्णेला पाणी बरेच होते, आणि समाधीजवळच्या दगडावर कोणीतरी झेंडूची दोन फुले वाहून ठेवली होती.